ड्रॅगनबॉक्स: स्क्रीनवर सुटलेलं समीकरण वहीत सुटतं का?

‘मोबाइलवर खेळून मुलं खरंच शिकतात का?’ हा प्रश्न सरसकट विचारला की उत्तरही सरसकट मिळतं. कुणी म्हणतं शिकतात, कुणी म्हणतं नुसता वेळ जातो. म्हणून इथे एकच खेळ घेतला आहे, ड्रॅगनबॉक्स. विषयही एकच, बीजगणितातली समीकरणं. आणि मुलं मुख्यतः सातवी-आठवीतली, म्हणजे नुकतीच किशोरवयात आलेली. हाच खेळ निवडला, कारण वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या पद्धतीने त्याची तपासणी केली आणि निकाल एकसारखे आले नाहीत. एकाने डोक्यावर घेतला, दुसऱ्याने खाली उतरवला, तिसऱ्याने पुन्हा उभा केला. माझ्या मते तिघांचंही बरोबर आहे, आणि ते कसं, यातच या प्रश्नाचं उत्तर आहे.

खेळ कसा आहे

२०१२ साली हा खेळ नॉर्वेतून आला. तो घडवणारे ज्याँ-बाप्तिस्त हुइन हे मूळचे गणिताचे शिक्षक. त्या वर्षी नॉर्वेत डाउनलोडच्या यादीत या खेळाने ‘अँग्री बर्ड्स’लाही मागे टाकल्याच्या बातम्या झळकल्या होत्या. बीजगणिताच्या खेळाने असं करावं, हे तेव्हा सगळ्यांनाच नवलाचं वाटलं.

स्क्रीनचे दोन भाग असतात. दोन्हीकडे चित्रांची कार्डं: किडे, मासे, विचित्र प्राणी, फासे. त्यातच कुठेतरी एक चमचमती पेटी. या पेटीला तिच्या बाजूला एकटं पाडायचं, एवढंच काम. बाकी सूचना जवळजवळ नाहीतच.

एक पातळी घेऊ. डावीकडे पेटी आणि एक किडा आहे, उजवीकडे मासा. किड्याला घालवायचं आहे. खाली त्याच किड्याचं काळं, ‘रात्रीचं’ कार्ड दिलेलं आहे. ते ओढून डावीकडे टाकायचं. टाकलं की उजवीकडे एक रिकामी जागा दिसू लागते आणि तिथेही तसंच कार्ड ठेवेपर्यंत खेळ दुसरी कुठलीही चाल करू देत नाही. ठेवलं की डावीकडचा काळा किडा उजळ किड्यावर सरकवायचा. दोघांचा मिळून एक हिरवा भोवरा होतो, त्याला बोट लावलं की तोही नाहीसा होतो. डावीकडे पेटी एकटी उरली, उजवीकडे मासा आणि काळा किडा. पातळी पार. चाली जितक्या हव्या तितक्याच केल्या आणि फालतू कार्डं मागे ठेवली नाहीत तर तीन तारे.

आता पेटीच्या जागी क्ष, किड्याच्या जागी ३, माशाच्या जागी ७ ठेवा. क्ष + ३ = ७ वरून क्ष = ७ − ३ झालं. हिरवा भोवरा म्हणजे शून्य, रात्रीचं कार्ड म्हणजे ऋण संख्या. पुढच्या पातळ्यांमध्ये हीच अदलाबदल खेळ हळूहळू करत जातो. एखाद्या चित्राच्या जागी अक्षर येतं, फाशाच्या जागी अंक येतो, पेटीचा क्ष होतो आणि मधल्या दरीत एक दिवस बरोबरचं चिन्ह दिसू लागतं. समीकरण कधी सुरू झालं हे खेळणाऱ्याला कळतही नाही.

अव्यक्त राशीला, म्हणजे किंमत माहीत नसलेल्या संख्येला, अक्षराऐवजी भलतंच काही म्हणायचं, यात नवीन काही नाही. भास्कराचार्यांनी अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं दिली होती. बीजगणिताचं मर्म अक्षरात नाही, क्रियेत आहे, हे या खेळाने नेमकं हेरलं.

आणखी एक गोष्ट त्याने हेरली, तिचं श्रेय द्यायलाच हवं. शाळेत बहुतेकांना समीकरण शिकवलं जातं ते ‘पक्ष बदलला की चिन्ह बदलतं’ या एका वाक्यावर. वाक्य सोपं आहे, पण ते का खरं आहे हे विचारलं तर वर्ग गप्प होतो. मग २क्ष = १४ आलं की मूल २ पलीकडे नेतं, ‘चिन्ह बदलतं’ म्हणून क्ष = १४ − २ लिहितं आणि १२ उत्तर काढून मोकळं होतं. ड्रॅगनबॉक्समध्ये पलीकडे काही नेता येतच नाही. जे कराल ते दोन्ही बाजूंना करा, हा एकच नियम. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखंच वजन टाकावं तसा. समीकरण म्हणजे खरं तर हेच.

दीड तासाचा दावा

जून २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात या खेळावर एक मोठा उपक्रम झाला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सेंटर फॉर गेम सायन्सने खेळाची जरा बदललेली आवृत्ती तयार केली होती. मूल जिथे अडेल तिथे ती त्याला तशीच आणखी उदाहरणं देई. पाच दिवसांत ४,१९२ विद्यार्थ्यांनी मिळून ३,९०,९३५ समीकरणं सोडवली. जे किमान दीड तास खेळले त्यांच्यापैकी ९२.९ टक्के विद्यार्थ्यांनी प्रभुत्व मिळवलं, असं जाहीर झालं.

हा आकडा जगभर फिरला. दीड तासात बीजगणित, असा त्याचा अर्थ लावला गेला. आकड्यात खोट नाही, पण तो कशाचा आहे ते नीट पाहायला हवं. प्रभुत्व मिळालं की नाही, हे खेळाच्या आतच ठरलं होतं. म्हणजे खेळात सोडवायला दिलेली समीकरणं खेळाच्याच कार्डांनी, खेळाच्याच नियमांत सोडवता आली का, एवढं मोजलं गेलं. शिवाय टक्केवारी दीड तास टिकलेल्यांची आहे. आधीच कंटाळून किंवा अडून सोडून गेलेले त्यात नाहीत. आणि शेजारी दुसरा गटही नव्हता, जो तेवढाच वेळ वही-पेन्सिल घेऊन बसला असता आणि ज्याच्याशी तुलना करता आली असती.

पाच दिवसांत चार लाखांच्या घरात समीकरणं मुलांनी खेळता खेळता सोडवावीत, ही गोष्ट मला मोलाची वाटते. गृहपाठ म्हणून दिली असती तर त्यातली किती झाली असती, हे कुणाही शिक्षकाला ठाऊक आहे. पण सराव किती झाला हा एक प्रश्न आणि त्यातून काय उरलं हा दुसरा. दुसऱ्याला या उपक्रमाने हात घातला नव्हता.

कागदावरची परीक्षा

तो हात घातला कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या यानजिन लाँग आणि व्हिन्सेंट अलेव्हन यांनी. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांचे त्यांनी दोन गट केले. एकाला ड्रॅगनबॉक्स दिला. दुसऱ्याला लिनेट नावाचं शिकवणी सॉफ्टवेअर. लिनेटमध्ये ड्रॅगन नाही की किडे नाहीत. समीकरण समोर येतं, पुढची पायरी विद्यार्थ्याने स्वतः लिहायची, चुकली तर तिथल्या तिथे कळतं, अडलं तर इशारा मिळतो. आधी आणि नंतर दोन्ही गटांची परीक्षा घेतली, आणि ती शाळेत घेतात तशी, नेहमीच्या गणिती चिन्हांमध्ये.

सविस्तर निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ड्रॅगनबॉक्सच्या गटाने कितीतरी जास्त उदाहरणं सोडवली. त्यांना मजाही जास्त आली. आणि परीक्षेत लिनेटचा गट स्पष्टपणे पुढे होता.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे. जास्त सराव, जास्त आनंद आणि तरी कमी शिकणं, हे तिन्ही एका जागी नांदू शकतं. मुलगा तल्लीन होऊन खेळतोय, पातळ्यांमागून पातळ्या पार करतोय, हे पाहून आई-बाबा समाधान मानतात. त्यांच्या डोळ्यांना दिसतं ते खरंच असतं. फक्त त्यावरून शिकण्याचा अंदाज बांधता येत नाही.

असं का झालं असावं? संशोधकांनी खेळाच्या रचनेची चिकित्सा केली आहेच. मी इथे वर्गात शिकवणाऱ्याच्या नजरेने सांगतो, आणि त्यासाठी एकच उदाहरण घेतो: २क्ष + ६ = १४.

वहीत हे सोडवताना मुलाला पहिल्यांदा ठरवावं लागतं की आधी ६ काढायचा की २ ने भागायचं. मग दोन्ही बाजूंतून ६ वजा करायचा, आणि ‘दोन्ही बाजूंतून’ हे त्याचं त्यालाच आठवावं लागतं. कागदावर कुठलीही रिकामी जागा उघडून त्याची वाट पाहत नाही. डावीकडे ६ खोडून उजवीकडचे १४ तसेच ठेवले, तरी कागद गप्पच राहतो. खेळात मात्र ही आठवण खेळ करून देतो, दर वेळी, न चुकता. म्हणजे समीकरणाचा जो एकमेव मोठा नियम आहे, तोच पाळण्याची जबाबदारी खेळाने स्वतःकडे घेतलेली असते. मूल नियम पाळतं, पण नियम लक्षात ठेवायची त्याला कधी गरजच पडत नाही. शेकडो वेळा केलेली गोष्ट वहीसमोर आल्यावर आठवत नाही, ती यामुळे.

दुसरी अडचण चिन्हांची. रात्रीचा किडा म्हणजे उणे, हे कळणं वेगळं आणि ‘− ६’ हे चिन्ह पाहून तीच समज जागी होणं वेगळं. खेळ शेवटाकडे अक्षरं आणि अंक आणतो खरा, पण तोवर मुलाची बोटं सरकवण्याला सरावलेली असतात. वहीत सरकवायला काही नसतं. प्रत्येक पायरी नव्याने पूर्ण लिहायची असते, आणि वरच्या ओळीतून खालच्या ओळीत उतरवताना चिन्ह गळतं ते नेमकं तिथेच.

तिसरी गोष्ट किशोरवयीन मुलांना चांगलीच माहीत असते. खेळात चाल चुकली तर मागे जाता येतं, पातळी पुन्हा सुरू करता येते. पाच-सहा वेळा इकडचं तिकडे करून पाहिलं की केव्हा ना केव्हा पेटी एकटी पडतेच. तारा मिळतो. का मिळाला, हे कुणी विचारत नाही. सुरुवातीच्या चित्रांच्या पातळ्यांमध्ये उत्तराची किंमतही काढायची नसते, कारण मासा वजा किडा म्हणजे किती हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करायची सवय लागण्याचं कारणच उरत नाही. आणि ताळा ही तर समीकरणातली सगळ्यात सुंदर सोय. क्ष = ४ आलं, २ × ४ + ६ करून पाहिलं, १४ आले; बरोबर की चूक हे आता शिक्षकाला विचारायला नको.

लिनेटमध्ये या तीनपैकी पहिल्या दोन गोष्टी मुलाकडूनच करून घेतल्या जात होत्या. मजा कमी होती, पण ज्याची परीक्षा होणार होती तेच काम रोज हाताखालून जात होतं.

तिसरा निकाल

इथेच थांबलो तर खेळावर अन्याय होईल. २०२०–२१ या महासाथीच्या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत सातवीच्या विद्यार्थ्यांवर आणखी एक प्रयोग झाला. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गटांत वाटले होते. एका गटाला ड्रॅगनबॉक्स. दुसऱ्याला ‘फ्रॉम हिअर टू देअर’ नावाचा खेळ, ज्यात चित्रं नाहीत, खुद्द गणिती चिन्हंच बोटाने हलवायची असतात. उरलेल्या दोन गटांना संगणकावर नेहमीसारखी सरावाची उदाहरणं. त्यातल्या एकाला लगेच इशारे आणि चूक-बरोबर, दुसऱ्याला ते सगळं सोडवून झाल्यावर. शाळा चालूच होती, शिक्षक शिकवत होते, आणि हा सराव अधूनमधून वर्षभर पसरलेला होता.

२०२३ मध्ये निष्कर्ष आले. उशिरा उत्तर कळणाऱ्या गटाच्या तुलनेत दोन्ही खेळांच्या गटांची बीजगणिताची समज जास्त वाढली होती. फरक चमत्कार म्हणावा असा नव्हता आणि त्या वर्षी बरेच विद्यार्थी प्रयोगातून मधेच गळालेही. पण गट चिठ्ठीने पाडलेले होते आणि मोजमाप खेळाबाहेरच्या परीक्षेने झालं होतं, म्हणून हा निकाल मी वजनदार मानतो.

मग आधीच्या प्रयोगात मागे पडलेला खेळ इथे पुढे कसा? मला दोन कारणं दिसतात. पहिलं, तुलना कुणाशी. पायरीपायरीला सुधारणाऱ्या चांगल्या शिकवणी सॉफ्टवेअरसमोर खेळ उणा पडला. उदाहरणं सोडव आणि मग उत्तर बघ, अशा सरावासमोर तो सरस ठरला. ‘खेळाने फायदा होतो का’ या प्रश्नाला ‘नाहीतर मूल काय करत असतं’ ही पुरवणी जोडल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. दुसरं, खेळ एकटा होता की सोबतीला. वर्षभर एकीकडे वर्गात समीकरणं लिहिली जात होती आणि दुसरीकडे अधूनमधून खेळात तीच हलवली जात होती. खेळात घडलेल्या गोष्टीला वर्गात नाव मिळत होतं, आणि वर्गातल्या कोरड्या नियमाला खेळात हालचाल.

इतर खेळांच्या अभ्यासांवरूनही हेच दिसतं. पीटर वाउटर्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली शैक्षणिक खेळांवरच्या अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा खेळांनी शिकणं थोडं जास्त झालं आणि ते जास्त टिकलं. खेळ इतर शिकवण्याच्या जोडीला असला आणि तो एकदाच न खेळता अनेकदा खेळला गेला, तर लाभ वाढला. गंमत म्हणजे, मुलांना जास्त ओढ लागते म्हणून खेळ चांगले, असं जे आपण गृहीत धरतो, त्याला या आकड्यांमध्ये भक्कम आधार मिळाला नाही. ओढ लावणं हाच खेळाचा मुख्य गुण मानून ‘मुलांना आवडतंय ना, मग झालं’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

हाच खेळ वर्गात आला तर

खेळण्याची कृती हीच शिकण्याची कृती आहे का, हे मी पहिल्यांदा पाहीन. ड्रॅगनबॉक्समध्ये ती आहे. कार्ड दोन्हीकडे टाकणं हेच बीजगणित. या उलट बाजारातले कितीतरी ‘शैक्षणिक’ खेळ असे असतात की धावायचं, उड्या मारायच्या, नाणी गोळा करायची, आणि मधेच दार अडवून एक गुणाकार विचारायचा. उत्तर दिलं की पुन्हा धावणं सुरू. त्यात गुणाकार म्हणजे खेळातला अडथळा, लवकर उरकायची कटकट. जेकब हॅबगूड आणि शारन एन्सवर्थ यांनी २०११ साली एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या करून हा फरक दाखवला. मुलं ७ ते ११ वर्षांची होती, विषय भागाकार. भागाकार हेच ज्यात शत्रूला हरवण्याचं शस्त्र होतं त्या आवृत्तीतून मुलं जास्त शिकली, आणि निवड मुलांवर सोडली तेव्हा त्यांनी तिच्यावर सातपटींहून जास्त वेळ घालवला. ही मुलं लहान होती, तरी किशोरांबाबत मला वेगळं काही वाटत नाही. उलट उरकून टाकण्यात ती जास्त तरबेज असतात.

खेळ निवडला की मग खरं काम शिक्षकाचं. एखादी पातळी मधेच थांबवून तीच मांडणी फळ्यावर क्ष आणि अंकांत लिहून घ्यायची. पहिली चाल करण्याआधी विचारायचं, तू काय करणार आहेस आणि का? रिकामी जागा उघडली तेव्हा खेळाने तुला तिथे कार्ड का ठेवायला लावलं? नसतं ठेवलं तर काय बिघडलं असतं? या शेवटच्या प्रश्नावर वर्गात दहा मिनिटं गेली तरी ती सत्कारणी लागतात, कारण समीकरणाच्या दोन बाजू समान का राहायला हव्यात ही चर्चा तिथेच सुरू होते आणि ‘पक्ष बदलला की चिन्ह बदलतं’ हे वाक्य आपोआप उलगडतं. मुलंच सांगतात की काही पलीकडे गेलंच नव्हतं, दोन्हीकडून काढलं होतं.

चित्रांच्या पातळ्या लवकर संपवाव्यात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किड्या-माशांत फार वेळ रमवलं तर त्याला ते पोरकट वाटू लागतं, आणि चिन्हांची गाठ जितकी उशिरा पडेल तितकी वही दूर राहते. तारे, क्रमांक, कोण कुठल्या पातळीवर पोचलं याची चढाओढ, हे वर्गात आणूच नये असं माझं मत आहे. ती चढाओढ लागली की मुलं एकमेकांना चाली सांगतात, कारणं सांगत नाहीत.

घरी पालकांना एवढं करता येणार नाही, आणि करायची गरजही नाही. खेळ खेळून झाल्यावर आठवडाभराने, मोबाइल बाजूला ठेवून, एका कागदावर ३(क्ष − २) = १२ लिहून द्यावं. उत्तर आलं की नाही एवढंच पाहू नये. मुलाने ३ ने दोन्ही बाजूंना भागलं की कंस उलगडला, ते पाहावं. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. ‘दुसऱ्या रस्त्याने करून दाखव’ म्हटल्यावर तो दाखवता आला, आणि ६ हे उत्तर मूळ समीकरणात घालून त्याने स्वतःच ताळा केला, तर खेळ वहीत उतरला आहे. अडलं, तर खेळ काढून घेऊ नये. त्याच समीकरणासारखी पातळी उघडावी, कागद शेजारी ठेवावा आणि प्रत्येक चाल केली की ती ओळ लिहायला सांगावी.